भारताचा बास्केटबॉल संघ: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याच्या कोर्टवर मुलांना सोडायला येणारे पालक आणि स्वतः मुले गेले वर्षभर साधारण तेच प्रश्न विचारत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाहला आशिया कप झाल्यापासून त्यांची संख्या वाढली आहे. या खेळावर माझा जीव आहे, त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत.

जेद्दाहला नेमके काय झाले?

भारत ज्या गटात होता त्यात चीन, जॉर्डन आणि यजमान सौदी अरेबिया होते. आपण तिन्ही सामने हरलो: जॉर्डनकडून ८४-९१, चीनकडून ६९-१००, सौदीकडून ५९-८४. नुसते आकडे वाचले की वाटते, नेहमीचेच. पण पहिला सामना नेहमीचा नव्हता.

जॉर्डन हा २०२३ चा विश्वचषक खेळलेला संघ. त्याच्याशी भारत पूर्ण चाळीस मिनिटे बरोबरीने खेळला. शेवटच्या क्षणी कंवर गुरबाज सिंग संधूने तीन गुणांची बास्केट टाकून बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत नेला. जादा वेळ म्हणजे फक्त पाच मिनिटे. तेवढ्यात जॉर्डनने सात गुणांनी सामना नेला. मुलांना मी हा सामना पुन्हा पाहायला सांगतो, आणि बास्केट मोजू नका, पाय बघा असे बजावतो. दमलेला बचावपटू अर्धे पाऊल मागे राहतो, रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूला, उडी मारायच्या आधी क्षणभर थांबतो, आणि पास हाताकडे जायच्या ऐवजी कमरेकडे जातो. अशा सामन्यांची ज्यांना सवय असते, ते हेच अर्धे पाऊल शेवटच्या मिनिटाला काढतात. आपल्या मुलांना असे सामने वर्षातून किती मिळतात? बोटांवर मोजता येतील इतकेच. माझ्या मते भारतीय बास्केटबॉलचे सगळे दुखणे इथे आहे.

म्हणजे संघ चांगला होता की वाईट?

चांगला होता. मुख्य स्पर्धेत त्याला फुकट जागा मिळालेली नव्हती. मार्च २०२५ मध्ये बहारीनला शेवटची पात्रता फेरी झाली, तिथे इराक आणि यजमान बहारीन या दोघांनाही हरवून भारत जेद्दाहला पोचला. परक्या मैदानावर, यजमानांच्या प्रेक्षकांसमोर, हरलो तर घरी, अशा सामन्यात जिंकणे ही मोठी गोष्ट आहे. आपल्या वर्तमानपत्रांत तिला चार ओळी मिळाल्या याचे मला आजही वाईट वाटते.

तरी कटू भागही सांगतो. २०१७ मध्ये बैरूत, २०२२ मध्ये जकार्ता आणि २०२५ मध्ये जेद्दाह, लागोपाठ तीन आशिया कपमध्ये भारताने गटातले तिन्ही सामने गमावले आहेत. २०१५ ला चांगशाला आपण आठवे आलो होतो. त्यानंतर मुख्य स्पर्धेत विजय नाही.

आपण कधी मोठ्या संघाला हरवले आहे का?

हो, आणि तेही चीनला, चीनमध्ये. जुलै २०१४, वुहान, फिबाचा (जागतिक बास्केटबॉल संघटनेचा) आशिया कप, जो तेव्हा आजच्या आशिया कपपेक्षा वेगळी स्पर्धा होता, भारत ६५, चीन ५८. संघात विशेष भृगुवंशी, अमृतपाल सिंग, अमज्योत सिंग होते आणि प्रशिक्षक होते अमेरिकेचे स्कॉट फ्लेमिंग. तेच फ्लेमिंग पुढे परत आले आणि जेद्दाहलाही संघाबरोबर होते. तो निव्वळ योगायोग होता असे म्हणणाऱ्यांनी २०१६ ची तेहरानची आशिया चॅलेंज स्पर्धा आठवावी. तिथेही आपण चीनला हरवले.

पण चीन दर वर्षी भक्कम देशांतर्गत लीग खेळून येतो. आपल्याकडे ती २०१४ च्या पिढीची मुले आपापल्या नोकरीच्या संघात परतली आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्यांना तेवढेसुद्धा मिळाले नाही.

ऑलिम्पिकमध्ये भारत खेळला आहे?

एकदाच, १९८० ला मॉस्कोत. अनेक देशांनी बहिष्कार टाकला म्हणून दार उघडले. सगळे सामने हरून आपण बारापैकी बारावे आलो. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतली सर्वोत्तम कामगिरी त्याच्याही आधीची आहे: १९७५ ला बँकॉकमध्ये चौथा क्रमांक. त्या काळचे आपले खेळाडू आशियात मान ताठ ठेवून खेळत होते. बाकीचे देश पुढे गेले आणि आपण जिथे होतो तिथेच राहिलो.

मुलींच्या संघाचे काय?

हा प्रश्न खरे तर पहिला यायला हवा. २०१७ मध्ये बंगळुरूला महिला आशिया कपची ‘ब’ श्रेणीची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. वरच्या श्रेणीत म्हणजे जपान, चीन, ऑस्ट्रेलिया, कोरिया. तिथे टिकणे जमले नाही. २०२१ ला अम्मानमध्ये सगळे सामने हरून पुन्हा खाली यावे लागले. हांगझोऊच्या एशियाडमध्ये मात्र आपल्या मुलींनी इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली.

अनिता पॉलदुराई आणि प्रशांती सिंग या दोघींना पद्मश्री मिळाली आहे. गीतू अॅना जोस २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला व्यावसायिक लीगच्या निवड चाचण्यांना जाऊन आली. आणि पुण्याची शिरीन लिमये आपल्याच मराठी घरातली. आमच्या मुली तिचे नाव घेतात तेव्हा मला बरे वाटते, कारण नाव घेता येईल असे जवळचे माणूस असले की मुलगी बारावीनंतरही खेळत राहते.

आपली माणसे उंचीला कमी पडतात म्हणून हरतो, हे खरे ना?

अर्धेच खरे. पंजाबात, हरयाणात आणि केरळातही उंच मुले मिळतात. सतनाम सिंग भामरा सात फुटांच्या वर होता. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियातली लीग खेळला, अमज्योत अमेरिकेत एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये खेळला, प्रिन्सपाल सिंग जी लीग इग्नाइटमध्ये होता. म्हणजे रिंगखाली उभी राहणारी माणसे आपल्याकडे आहेत.

कमी आहे ती चेंडू त्यांच्यापर्यंत नेणाऱ्याची, पॉइंट गार्डची. बचाव अंगावर आला, हल्ल्याला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले सहा उरले, तरी डोके शांत ठेवून पास देणारा मुलगा पाच फूट दहा इंचांचा असला तरी चालतो. तो घडायला हजार वेळा त्या अवस्थेत सापडावे लागते. म्हणून ‘आमचा मुलगा बुटका आहे, याला बास्केटबॉलला घालू का’ असे विचारणाऱ्या आईला मी लगेच हो म्हणतो.

मग सामने का मिळत नाहीत? लीग नाही का?

लीग आल्या आणि गेल्या. यूबीए नावाची लीग २०१५ ला सुरू होऊन २०१७ पर्यंत चालली. नंतर तीन-तीन जणांची थ्रीबीएल आली, पुढे आयएनबीएल आली. पण दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, सहा-सात महिने चालणारी आणि खेळाडूच्या पोटापाण्याची सोय करणारी लीग उभी राहिलेली नाही. आपला राष्ट्रीय खेळाडू रेल्वेत, सेनादलात, ओएनजीसीत किंवा बँकेत नोकरी करतो. त्या संस्थांचे उपकार मोठे आहेत. त्या नसत्या तर खेळ कधीच संपला असता. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा आहे तो त्यामुळेच. पण नोकरीच्या संघाचे वर्ष म्हणजे काही निमंत्रितांच्या स्पर्धा, एक राष्ट्रीय स्पर्धा आणि मध्ये लांबलचक खंड. त्यातून सरावाची तयारी होते, सामन्याची होत नाही.

त्यातच २०१५ मध्ये महासंघाची दोन शकले झाली आणि वुहानच्या विजयानंतर जे वारे लागायला हवे होते ते भांडणात निघून गेले. २०२३ मध्ये आधव अर्जुन अध्यक्ष झाले. त्यांच्या कारभाराचा माझ्यापुरता निकष एकच आहे: टिकणारी लीग. ती झाली तर बाकीच्या तक्रारी मी विसरायला तयार आहे.

दुसऱ्या कुठल्या देशाने हे करून दाखवले आहे?

जपानने, आणि हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे दोन लीग एकमेकींशी भांडत होत्या. वैतागून फिबाने नोव्हेंबर २०१४ मध्ये जपानला निलंबित केले. मग दोन्ही मिळून २०१६ मध्ये बी लीग सुरू झाली. २०१९ च्या विश्वचषकात जपान सगळे सामने हरला, पण लीग चालू राहिली. २०२३ ला ओकिनावात त्यांनी फिनलंड, व्हेनेझुएला आणि केप व्हर्ड यांना हरवून पॅरिस ऑलिम्पिकचे तिकीट काढले, आणि पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सला जादा वेळेपर्यंत झुंजवले. लीग सुरू झाल्यापासून आठ वर्षांत.

जपान श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. मग केप व्हर्ड घ्या. अटलांटिकमधला बेटांचा देश, लोकसंख्या पाच-सहा लाख. २०११ च्या जनगणनेत गोवा साडेचौदा लाखांच्या पुढे होता, म्हणजे आपल्या निम्म्याहून लहान. तो देश २०२३ चा विश्वचषक खेळला आणि तिथे त्याने व्हेनेझुएलाला हरवले. त्यांचा एडी तावारेस सव्वासात फुटांचा आहे हे खरे, पण एकट्या तावारेसने विश्वचषक गाठता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या ल्युसोफोनिया स्पर्धा झाल्या तेव्हा हाच देश आपल्याकडे पाहुणा होता. त्या स्पर्धेत बास्केटबॉलही होता. पाहायला गेलेल्यांपैकी कोणाला वाटले असेल का, की यांतले लोक नऊ वर्षांनी विश्वचषकात दिसतील?

गोव्यातला मुलगा भारतीय संघात का दिसत नाही?

पंजाब, तामिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, राजस्थान इथे खेळाची परंपरा आहे, वसतिगृहे आहेत, नोकऱ्या आहेत. आपल्याकडे उंच आणि चपळ मूल दिसले की ते आधी फुटबॉलकडे जाते. त्यात गैर काही नाही, गोव्याच्या मातीत तो खेळ आहे. पण कारणे एवढीच नाहीत.

पहिले कारण पाऊस. आपली बहुतेक कोर्टे उघड्यावर, सिमेंटची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यांच्यावर शेवाळ धरते. सकाळी मुले खराट्याने पाणी ओढतात, कोपऱ्यात चुना टाकतात, तरी ड्रिबल करताना चेंडू मध्येच मरतो आणि वळताना पाय सटकतो. ओला चेंडू जड होतो, आणि त्या चेंडूने नेम धरायची सवय लागली की कोरड्या कोर्टवर तोच नेम लांब जातो. वर्षातले चार महिने असे जातात.

दुसरे कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन गुणांची रेघ पूर्वी रिंगपासून ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये ती ६.७५ मीटरवर गेली. किती शाळांनी जुना रंग पुसून नवी रेघ मारली? टेप घेऊन आपापल्या शाळेत मोजून बघा. मूल दहा वर्षे अर्धा मीटर जवळून नेम धरते आणि राष्ट्रीय स्पर्धेत गेल्यावर चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटत राहतो. मग आपण म्हणतो, दडपण आले.

पण गोव्यात तर चांगली इनडोअर स्टेडियम आहेत?

आहेत. नावेलीचे मनोहर पर्रीकर इनडोअर स्टेडियम, म्हापशाजवळचे पेडे संकुल, पणजीत कांपालला. ल्युसोफोनिया आणि २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे जेवढ्या सुविधा आल्या तेवढ्या कितीतरी मोठ्या राज्यांकडे नसतील. लाकडी फरशीचे कोर्ट पावसाळ्यात शाळांना आठवड्यातून दोन संध्याकाळ मिळाले, तरी मी सांगितलेले पहिले कारण मिटेल. वाळपई किंवा काणकोणच्या मुलासाठी तिथवर बसची सोय लागेल. मागणी मोठी नाही. पालक-शिक्षक संघाने लेखी मागावे, पंचायतीने पाठिंबा द्यावा. बांधलेले कोर्ट कुलपात राहण्यासारखी दुसरी हळहळ नाही.

माझ्या मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तो भारताकडून खेळू शकेल?

नाही. भारताकडून खेळायला भारतीय नागरिकत्व लागते आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डाने राहता येते, राष्ट्रीय संघात खेळता येत नाही. गोव्यात कितीतरी घरांना हे लागू होते, म्हणून मूल खेळात गंभीर असेल तर अर्ज भरण्याआधी विचार करा.

फिबाचा आणखी एक नियम आहे. सोळाव्या वर्षानंतर एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळवलेला एकच खेळाडू संघात घेता येतो. जॉर्डन, लेबनॉन, फिलिपिन्स या नियमाचा पुरेपूर उपयोग करतात आणि अमेरिकेतला एक पक्का खेळाडू घेऊन उतरतात. आपला संघ बाराच्या बारा इथलेच घेऊन त्यांच्याशी भिडतो. जॉर्डनविरुद्धचा तो निकाल वाचताना हेही ध्यानात ठेवा. भारतीय वंशाच्या परदेशी खेळाडूंना वाट करून द्यावी, अशी चर्चा अधूनमधून होते. ती वाट उघडली तर मला आनंदच होईल, पण तिच्या भरवशावर राहू नये.

(पोर्तुगालकडून खेळता येईल का, असेही एकाने विचारले. कागदोपत्री का नाही! पण तिथे नेमियास केटा आहे, बोस्टन सेल्टिक्सचा, आणि तो संघ २०२५ च्या युरोबास्केटमध्ये शेवटच्या सोळांत गेला. जागा सहज मिळणार नाही.)

२०२७ च्या विश्वचषकाला भारत पोचेल?

विश्वचषक दोहाला आहे, २७ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०२७, बत्तीस संघ. पात्रतेच्या पहिल्या टप्प्यात भारताच्या गटात सौदी अरेबिया, लेबनॉन आणि कतार आले. चारपैकी तीन संघ पुढे जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सौदीविरुद्धचे दोन्ही सामने, एक तिथे आणि एक चेन्नईत, आपण हरलो. चेन्नईचा पराभव मला जास्त लागला. घरचे प्रेक्षक असताना शेवटपर्यंत झुंज तरी दिसायला हवी होती.

खरे सांगायचे तर मी २०२७ ची आशा धरत नाही. माझे लक्ष पुढच्या आशिया कपवर, २०२९ वर आहे. तिथे गटातून वर जाणे हे ध्येय गाठण्याजोगे आहे, आणि जेद्दाहच्या संघातले तरुण तेव्हा ऐन भरात असतील. आखातात नातेवाईक असलेल्यांनी मात्र दोहाची तिकिटे काढावीत. एकदा तो वेग डोळ्यांसमोर पाहिलेले मूल कोर्टवर वेगळ्याच तयारीने उतरते.

तीन-तीन जणांचा खेळ भारताला जास्त झेपेल का?

मला तसे वाटते. अर्धे कोर्ट, एक रिंग, दहा मिनिटे किंवा आधी एकवीस गुण करणारा विजयी, हल्ल्याला फक्त बारा सेकंद. टोकियोपासून हा ऑलिम्पिक खेळ आहे, २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धांतही आहे आणि आइची-नागोया एशियाडमध्येही. मंगोलियासारख्या चौतीस-पस्तीस लाखांच्या देशाच्या मुली यातूनच टोकियोला पोचल्या. चार चांगल्या खेळाडू असल्या की संघ तयार होतो. आणि गोव्यासारख्या लहान राज्याला बारा तोलामोलाचे खेळाडू जमवणे जड जाते, चार जमवता येतात. शाळांनी आपल्या वार्षिक क्रीडा महोत्सवात हा प्रकार घ्यावा. मंदिरासमोरच्या पटांगणातसुद्धा एक बोर्ड उभारून खेळता येतो.

मूल बारा वर्षांचे आहे, उंच आहे, आवड आहे. आता काय करायचे?

शाळेच्या संघात घाला. तिथे संघ नसेल तर जवळचा क्लब शोधा. पणजीत डॉन बॉस्कोसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे मुले खेळत आली आहेत. सब-ज्युनिअर, यूथ, ज्युनिअर अशा वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा असतात आणि त्यांसाठी राज्य संघाची निवड चाचणी होते. तिची तारीख बहुधा उशिरा कळते, म्हणून क्लबच्या संपर्कात राहा. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला एकसारखे आहेत ना, ते आधी पाहून घ्या. नावातल्या एका अक्षरासाठी मुले परत पाठवली गेली आहेत.

उंच मुलाला फक्त रिंगखाली उभे करू देऊ नका. त्यालाही दोन्ही हातांनी ड्रिबल शिकवा, पास शिकवा, फ्री थ्रो रोज मारून घ्या. चांगले बूट घ्या. घोट्याला आधार देणारे, नावाजलेले नसले तरी चालतील. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो आणि मोठ्या मुलांचा सात नंबरचा, दुकानदार म्हणेल तो घेऊ नका. आणि महिन्यात किती वेळा सराव झाला यापेक्षा किती सामने झाले, हे प्रशिक्षकांना विचारत जा.